पाण्याला पाठ

आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी आलं तरी मी गल्लीत पेढे वाटतो. त्यामुळे गेल्या आषाढात कोकणात गेलो, तेव्हा भर पावसात एकटाच किनाऱ्यानं निघालो तो थेट केरळात पोचूनच थांबणार होतो. पाऊस तर असा, की माशांना समुद्रात परतायची गरजच उरली नव्हती.

मधेच हुक्की आली. पँट दुमडली, पाण्यात उतरलो, लाटांकडं पाठ केली आणि सेल्फीसाठी मोबाइल वर धरला. तेवढ्यात कुणीतरी दंड धरून मला वाळूवर ओढलं. जाळीची टोपी, निथळती पांढरी दाढी.

"मरना है क्या, बेटा? संभाजीनगरचा का?"

"व्हय. कसं ओळखलं, चाचा?"

"मी पण तिथलाच, गारखेड्याचा. आपलीच माणसं समुद्राला पाठ देतात. धरणाचं पाणी मागून येत नाय ना."

मी हसलो. ते हसले नाहीत. शेजारून चालू लागले, पण खेकड्यासारखे तिरके, तोंड सारखं समुद्राकडं.

"दर पावसाळ्यात येता?"

"येतो. इथंच पोराचा फोटो काढत होतो. त्याच्या मागची लाट मला दिसली होती, बेटा. वाटलं, भिजंल. आपण लई हसू."

पुढं एक कुटुंब गाडीतून उतरलं. त्यातल्या बापानं बायकापोरांना पाण्यात उभं केलं आणि खिशात हात घातला. मी काही बोलायच्या आत चाचा पावसातून त्यांच्याकडं धावत सुटले.