बेळगावच्या स्कूटरचा नंबर

भाऊ बेळगावला पलटणीत होता. त्याची बदली पार आसामकडे निघाली, तेव्हा त्यानं आपली फिकट निळी स्कूटर मला द्यायचं ठरवलं. मी कोरेगाव तालुक्यात नर्स होते. माझ्याकडे पाच वाड्या आणि एसटी जायची फक्त एकीला. बाकी सगळीकडे चालत. बोलावणं आल्यावर मी पोहोचेपर्यंत कधी बाळंतीण सुईणीच्या हातून मोकळी झालेली असायची, कधी उशीर झालेला असायचा. त्या उशिरांबद्दल मी अजूनही फार बोलत नाही. स्कूटर मला हौसेसाठी नको होती.

भावानं सुट्टीत गाडी घरी आणून मला शिकवली होती, लायसनही निघालं होतं. पण गाडी कर्नाटकातली. ती महाराष्ट्रात माझ्या नावावर करायची तर बेळगावच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा, टॅक्सची पावती हवी, विमा हवा, भावाच्या सहीचे फॉर्म हवेत. चार महिने पत्रं जात-येत होती. एकदा तर शिक्का पुसट उठला म्हणून दाखला परत गेला. गाडी ढकलत नेऊन कृष्णेत सोडावी, इतकी मी वैतागले होते. अखेर कागद जमले तेव्हा दाखल्याची मुदत संपायला आठवडा उरला होता, आणि गाड्या तपासणारे साहेब साताऱ्याला महिन्यातून एकदाच यायचे. तो दिवस हुकला की सगळं पहिल्यापासून, आणि भाऊ तर निघून गेलेला.

आदल्या दिवशी ड्यूटीवरून आले तर अंगणात स्कूटर लखलखत होती. शेजारी आबा, माझे वडील, ब्रश घेऊन उभे. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडच्या फौजी घरांत इन्स्पेक्शन म्हटलं की रंगाचा डबा निघतो. बादली असो, खाटेचे पाय असोत, झाडाचं खोड असो, कशाची सुटका नाही. आबांनी बाजारात हिंडून तोच निळा रंग मिळवला होता. खोटं कशाला सांगू, मला कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी साताऱ्याला गेलो. साहेबांनी सगळे कागद वाचले, मान हलवली आणि गाडीपाशी उकिडवे बसले. गाडीच्या पत्र्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, तो ठसा फायलीला लागतो. साहेबांनी पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला.

“नंबर कुठाय?” ते म्हणाले. “बुजवलाय कुणी?”

चोरीच्या गाडीचे नंबर बुजवतात हे मलाही ठाऊक होतं. मी दाखला पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

“बाई, ही गाडी अशी पास करता येणार नाही. बेळगावला लिहून खात्री करावी लागेल.”

मागे रांगेत उभे असलेले ट्रकवाले टकामका बघायला लागले. माझा राग नाकावरच असतो. “आवं आबा, तिथं कशाला फासला रंग?” मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर खेकसले.

आबांनी टाचा जुळवल्या. “साहेब, रंग मी दिलाय. इन्स्पेक्शन हाय म्हनून दिलाय. पोरीची चूक न्हाई. मला आत टाका, पर गाडी थांबवू नका. लय बायका हिची वाट बघत्यात.”

साहेबांनी रंगावर नख दाबून बघितलं. मग हसू दाबत म्हणाले, “दोन हात दिलेत?”

“खालच्या अंगाला तीन,” आबा म्हणाले.

तीन हातांमुळेच रंग अजून पुरता वाळला नव्हता. एका ट्रकवाल्यानं रॉकेल दिलं. आबा आपला धुतलेला रुमाल त्यात बुडवून पत्रा घासू लागले. एकेक आकडा वर येईल तसा मी वाचायची, साहेब दाखल्यावर बोट ठेवायचे. शेवटचा आकडा काही केल्या उघडेना. आबांनी काडीनं तो कोरून काढला. सात. साहेबांचं बोटही सातावर होतं. मी तिथंच, ट्रकवाल्यांच्या देखत रडले.

शिक्का घेऊन बाहेर आल्यावर मी किल्ली आबांपुढे धरली. येताना त्यांनीच गाडी आणली होती. त्यांनी हात मागे घेतला.

“गाडी कुनाच्या नावावर झाली?”

“माझ्या.”

“मग हान की.”

कोरेगावात त्या दिवशी बाजार होता. बापाला मागं बसवून लेक स्कूटर चालवतेय, हे बघायला लोक दुकानांतून बाहेर आले. आबांच्या एका फौजी सोबत्यानं हाक दिली, “काय गड्या, आज मागं व्हय?”

“नर्सबाईची गाडी हाय,” आबा म्हणाले. “मी नुस्ता बसलोय.”

पुढच्याच आठवड्यात लांबच्या वाडीवरून निरोप आला. मी पोहोचले तेव्हा बाळ यायला अजून तासभर अवकाश होता. मी हात धुतले, पोरीच्या पोटावर हात ठेवून बघितलं, आणि तिच्या सासूनं दिलेला चहा बसून प्यायले.