ताटलीच्या बाहेर जाणारे बाण

एल्वुड ड्रेसलरचं सगळं आयुष्य पॉटर काउंटीच्या डोंगरातल्या एका लाकूड गिरणीत गेलं. मोठाल्या करवतींना धार लावणं आणि त्या सरळ चालत्या ठेवणं हे त्याचं काम. करवत तिरकी चालायला लागली की ती का तिरकी चालते, याचं काहीतरी कारण असणारच, आणि शांतपणे शोधलं तर ते सापडणारच, अशी त्याची खात्री होती. दुसरी कसली फारशी खात्री त्याला नव्हती. चारचौघांत तो बोलायचा कमी, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, आणि कुणी त्याचं कौतुक केलं तर बुटांकडे बघायचा.

निवृत्त झाल्यावरच्या सातव्या सप्टेंबरात त्याची ही एकुलती एक खात्रीसुद्धा डळमळली.

कारण होतं त्याचं शिकारीचं धनुष्य. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, बरीच वर्षं वापरलेलं, हाताच्या घामाने मुठीजवळ काळं पडलेलं. सरावाची गोल टोकं लावलेले बाण त्यातून सुटले की पंचवीस वारांवर एकमेकांना खेटून रुतायचे. पण तेच बाण, त्यांना शिकारीची पाती लावली की कुठेही जायचे. यात तसं नवल नाही. पातं म्हणजे बाणाच्या तोंडाला लावलेले पंखच. बाण सुटताना किंचित जरी तिरका असला, तरी मागची पिसं त्याला सरळ करायच्या आत पुढची पाती त्याला भलतीकडे ओढून नेतात. म्हणून मग बाण ज्यावर टेकतो तो टेकू केसाएवढा इकडे किंवा तिकडे सरकवायचा, परत मारून बघायचं, परत सरकवायचा. पाती आणि गोल टोकं एकाच जागी रुतायला लागली की धनुष्य लागलं. हे काम एल्वुड दर वर्षी एका दुपारीत उरकायचा.

या वर्षी महिना होत आला तरी धनुष्य लागत नव्हतं.

घरामागच्या उतारावर पाती उजवीकडे जायची. त्याने टेकू सरकवला आणि ती जागेवर आली. मग खात्री करून घ्यायला तो मार्लिन झूकच्या धनुष्यबाणांच्या दुकानात गेला, तर तिथे तीच पाती डावीकडे जायला लागली. मार्लिनने टेकू उलटा सरकवून दिला. एल्वुड ते लागलेलं धनुष्य घरी घेऊन आला, तर पाती परत उजवीकडे.

मार्लिनचं दुकान म्हणजे त्याच्या घरामागचं जुनं धान्याचं कोठार. आत एका टोकाला फोमचा ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला स्टुलावर कॉफीचं भांडं. मार्लिन चाळिशीचा, आडदांड, आणि गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला 'पॅप' म्हणणारा.

"पॅप, परत आलात? मागच्या आठवड्यात आपण याचं लग्न लावून दिलं होतं ना?"

"लग्न लागलं," एल्वुड म्हणाला, "पण घरी नेलं की नांदत नाही."

मार्लिनने धनुष्य उजेडात धरलं. "टेकूला हात कुणी लावला?"

"मीच. उजवीकडे जात होते."

"मारा बघू."

एल्वुडने मारला. पातं डावीकडे हातभर जाऊन रुतलं. 

"ही डावी बाजू आहे," मार्लिन म्हणाला.

"दिसतंय मला."

"मग उजवीकडे कोण मारत होतं? नेडाकाकी?"

एल्वुड ओशाळून हसला. मार्लिनने दोरी जुनी झाल्याचं कारण काढलं आणि नवी दोरी चढवली. कागद ताणून त्यातून बाण मारून पाहिला. भोक फाटलेलं पडलं, मग टेकू सरकवल्यावर गोल पडायला लागलं. गोल भोक म्हणजे बाण सरळ सुटला. त्याबद्दल शंकाच नको. मार्लिनने तो कागद गुंडाळून त्याच्या खिशात खोचला. "हा दाखवा तुमच्या अंगणाला. म्हणावं, आता मुकाट्याने वाग."

अंगणाने कागदाला दाद दिली नाही.

मग एल्वुडने अंगणाचाच तपास सुरू केला. दुकानात वारा नसतो आणि इथे डोंगरावरून उतरतो, म्हणून सफरचंदाच्या फांदीला त्याने दोरा टांगला. दोरा हललासुद्धा नाही आणि पातं उजवीकडे गेलं. उतारामुळे धनुष्य कलत असेल म्हणून पायाखाली फळी टाकून ती पाणसळीने तपासली. प्रत्येक बाण स्वयंपाकघरातल्या टेबलावर फिरवून पातं डगमगतं का ते पाहिलं. त्याची बायको नेडा तिथेच सफरचंदाचा गर आटवून घोटत होती. तिने कढई बाजूला घेतली.

"त्या काड्यांशी जेवढं बोलतोस, तेवढं माझ्याशी बोलला असतास तर आपलं बरं चाललं असतं," ती म्हणाली.

"तू उत्तर देतेस. या देत नाहीत, म्हणून बोलावं लागतं."

"ग्लेनला सांगू का, या वर्षी तुझं जमत नाही म्हणून?"

"नको," एल्वुड इतक्या पटकन म्हणाला की तिने वळून पाहिलं.

ग्लेन म्हणजे नेडाचा भाऊ. डोंगरातला शिकारीचा कॅम्प त्याच्या ताब्यात होता. धनुष्याचा हंगाम उघडायच्या आदल्या दुपारी कॅम्पवर एक रीत पाळली जायची. ओंडक्यावर कागदाची ताटली खिळ्याने ठोकायची, आणि प्रत्येकाने पात्याचे तीन बाण त्यात मारायचे. एक जरी बाहेर गेला तरी त्या वर्षी मचाणावर चढायचं नाही, चुलीपाशी थांबून बाकीच्यांचं जेवण रांधायचं. हरणाला अर्धवट लागलेला बाण कुणालाच नको होता, म्हणून या नियमावर कधी कुणी कुरकुर केली नाही. सूर्य समोरच्या हेमलॉकच्या झाडांमागे जाईपर्यंत ताटली खिळ्यावर राहायची. तोवर चुकलेल्याला परत मारायची मुभा होती, पण सगळ्यांना बाहेर बोलावून, त्यांच्या देखत.

म्हातारा फर्ड असाच एका वर्षी चुकला होता. एवढंच वर्ष, असं म्हणून त्याने ॲप्रन बांधला, आणि मग मरेपर्यंत तो चुलीपाशीच राहिला. मटणाचा रस्सा तो फार छान करायचा. पहाटे सगळे निघाले की दारात उभा राहून "जपून जा रे पोरांनो" म्हणायचा. एल्वुडला रस्स्याची चव आठवत नव्हती. आठवत होता तो दारातला फर्ड.

आपले डोळे गेले, की हात गेले, की डोकंच गेलं, हे त्याला कळत नव्हतं. पण डोळे गेले असते तर गोल टोकंही चुकली असती. शेवटी हंगामाच्या आदल्या सकाळी त्याने विचार करणं सोडून दिलं. अंगणात टेकू सरकवून पाती जागेवर आणली, लागोपाठ बाण मारले, सगळे मुठीएवढ्या जागेत रुतले. आता मार्लिनकडे जायचंच नाही, असं ठरवून त्याने धनुष्य पेटीत बंद केलं आणि कॅम्पला निघायला कपडे बदलले. निघताना सिंकशेजारच्या कपातून कवळी काढून तोंडात बसवली.

वसंतात त्याचे उरलेसुरले दात काढून ही नवी कवळी बसवली होती. खालचा भाग हिरडीला टोचायचा, म्हणून घरात शिरला की तो ती काढून ठेवायचा आणि बाहेर निघाला की मुकाट्याने लावायचा. त्याचं बोळकं तोंड नेडाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. कुणी पाहावं अशी त्याची इच्छाही नव्हती.

कॅम्पवर बाकीच्यांचे बाण मारून झाले होते. ग्लेन ओंडक्याशी नवी ताटली ठोकत होता.

"ये दाजी," तो म्हणाला. "चूल कुणाकडे जाते तेवढंच ठरायचं राहिलंय."

पायरीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. एल्वुड रेषेवर उभा राहिला, दोरी गालाशी आणली आणि बाण सोडला. पातं ताटलीच्या डावीकडे लाकडात घुसलं.

डावीकडे. सकाळी मुठीत मावणारे बाण, त्यानंतर पेटी उघडलीसुद्धा नव्हती, आणि हा डावीकडे. त्याने दुसरा मारला. तोही तिथेच, पहिल्याच्या शेजारी.

"जोडी छान जमलीय," ग्लेन म्हणाला, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज उतरवला. "अजून सूर्य आहे. आधी खाऊन घे काहीतरी."

आत बीटच्या रसात मुरवलेली अंडी होती आणि बोलोनी सॉसेजचे जाड तुकडे. एल्वुड ताटात दोन्ही घेऊन लाकडांच्या छपरामागे गेला. तिथे कुणी नव्हतं. हिरडी ठणकत होती. त्याने कवळी काढून खिशात टाकली आणि अंडं चघळत बसला. चव लागत नव्हती. छपरामागे भुश्श्याने भरलेलं एक पोतं सरावासाठी टांगलेलं होतं. काही ठरवून नव्हे, बसवेना म्हणून त्याने उठून पोत्यावरच्या डागावर एक बाण मारला.

बाण डागात बसला.

तो पोत्याजवळ जाऊन आला. मग परत मारला. परत डागात. हे म्हणजे हद्दच झाली. ओंडका आणि पोतं यांच्यात काय फरक? वारा तोच, उतार नाहीच. करवत तिरकी चालली की तो एकेक गोष्ट पहिल्यासारखी करून बघायचा, तसं त्याने इथेही केलं. टोपी ओंडक्याशी होती तशी सरळ केली. बाण डागात. कोटाची बटणं लावली. डागात. ओंडक्याशी उभा होता तेव्हा अजून काय होतं अंगावर, असं चाचपताना हात खिशात गेला.

त्याला ते खरं वाटेना. तरी त्याने कवळी बसवली आणि मारला. बाण डागाच्या डावीकडे गेला. त्याने गालावर बोट ठेवलं. कवळी लावली की गाल भरून यायचा आणि ताणलेल्या दोरीला बाजूने रेटायचा. काढली की गाल आत जायचा, रेटा नाहीसा. महिनाभर त्याने बोळक्या तोंडासाठी धनुष्य लावलं होतं आणि मार्लिनने कवळीच्या तोंडासाठी. दोघंही बरोबर होते. दोघांनी एकमेकांचं काम तेवढ्याच काळजीने मोडलं होतं.

एवढ्याने सगळं उलगडलं असं मात्र त्याला वाटेना. एवढासा गाल, आणि बाण हातभर बाजूला? की आत्ता नुसताच हात स्थिर होता? टेकू परत सरकवून कवळीला धनुष्य लावून घ्यावं, असंही मनात आलं. पण हेमलॉकांच्या शेंड्यांना सूर्य टेकला होता, आणि घाईत सरकवलेला टेकू काय करतो हे तो महिनाभर बघत आला होता.

तो पायऱ्यांपाशी गेला. "मी परत मारतोय," तो म्हणाला. "या सगळे बाहेर."

सगळे आले. रेषेवर उभं राहून एल्वुडने बुटांकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर तोंडात बोट घालून कवळी काढली आणि खिशात टाकली.  मागून एकजण हळूच म्हणाला, "हरणाला चावणार नाही याची हमी देतोय वाटतं." हशा पिकला. एल्वुडचे कान तापले. हशा ओसरेपर्यंत तो थांबला. तेवढ्यासाठी थांबायला त्याला पूर्वी कधी जमलं नसतं.

पहिला बाण ताटलीच्या मधोमध. दुसरा त्याला चिकटून. तिसरा सोडताना कान अजून गरम होते, आणि तो काठावर गेला. सगळे ओंडक्याकडे चालत गेले. ग्लेनने वाकून पाहिलं. पात्याच्या एका धारेने ताटलीची कड आतून कापली होती, दुसरी धार बाहेर होती.

"हा आत की बाहेर?" कुणीतरी विचारलं.

"कागद कापलाय ना?" ग्लेन म्हणाला. "मग आत. माझ्या बाबतीत मागे तुम्ही हेच धरलं होतं." मग तो एल्वुडकडे वळला. "दाजी, पण केलंस काय तू? नीट सांग."

"मला तरी कुठे नीट कळलंय," एल्वुड म्हणाला, पण दातांशिवाय ते शब्द वाऱ्यासारखे निघाले, आणि ग्लेनला त्यातलं काहीच समजलं नाही.

"बरं, ते राहू दे. सकाळी कुठल्या मचाणावर बसतोस?"

या वेळी एल्वुडने बोलायचा खटाटोप केला नाही. हात वर करून त्याने ओढ्यापलीकडच्या कडेचं मचाण दाखवलं, आणि ग्लेनने मान हलवली.