डाव्या खांद्याची रायफल

बाबांनी एकतीस वर्षं आयुध कारखान्यात रायफलींचे बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारे सरकते दांडे, बसवले आणि एकदाही गोळी झाडली नाही. त्यात विचित्र काही नव्हतं. फिटरने बसवायचं, झाडून बघणारे वेगळे. पण ते परदेशी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा इथल्या टाकानिनीतल्या आमच्या मराठी मंडळींना हे पटेना. दसऱ्याला प्लॅस्टिकच्या तलवारीला हार घालून झाल्यावर त्यांनी बाबांना शाल दिली आणि शस्त्र व शौर्य या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा म्हणाले, "मी एकच भाग बसवायचो. तो नीट बसायचा." आणि खाली बसले. मंडळाच्या माइकवरून इतकं खरं बोललेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा निकामी झाला होता आणि डाव्यालाही सुरुवात झाल्याचं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. परतीच्या तिकिटाला सात आठवडे उरले असताना एका सकाळी, मीठ मागावं अशा आवाजात, ते मला म्हणाले की दिसतंय तोवर एकदा रायफल झाडून बघायची आहे. मी चौकशी केली. परवानाधारक माणूस शेजारी उभा असेल तर पाहुण्यालाही झाडता येते, असं कळलं. म्हटलं, एखाद्या क्लबात शनिवारी जाऊ, काम होऊन जाईल.

पण त्याच आठवड्यात पापाटोएटोच्या ऑप शॉपमध्ये, वापरलेले कपडे आणि कपबश्यांच्या मागे, बाबांना शिकारीच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा सापडला. घरी येऊन ते भिंग घेऊन एका फोटोवर वाकले. लिव्हर-ॲक्शन रायफल होती. चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत जातं, त्या जातीची.

"फोटो उलटा छापलाय," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "नाही गं. नळीवरची अक्षरं सुलट आहेत."

म्हणजे रायफलच उलटी होती. गोळ्या भरायची खिडकी नेहमी उजवीकडे असते, ती हिला डावीकडे होती. पुंगळीही डावीकडे पडणार. कोणीतरी अख्खं यंत्र आरशात बघून बनवावं तसं बनवलं होतं. बाबा डावखुरे. कारखान्यातली यंत्रं उजव्यांची, म्हणून तिथे उजव्या हाताने काम करायचे. घरी जेवण सोडून सगळं डाव्याने. डावखुऱ्यासाठी घडवलेली रायफल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आता क्लबातली कुठलीही चालणार नव्हती.

फोटोखाली एवढंच होतं की दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या एका शेतकऱ्याने ही बायकोसाठी चार हिवाळे खपून घडवली. मी फोन करत सुटले. एका बंदूकवाल्या दुकानदाराने अशा रायफलींच्या आत्म्याबद्दल पंचवीस मिनिटं सांगितलं. मालकाचा पत्ता मात्र कुणाला देत नसतो, म्हणाला. ते रास्तच होतं. एका क्लबाचे सचिव, आवाजावरूनच छातीवर बिल्ले असावेत असे, माझा निरोप फळ्यावर लावायला तयार झाले. पाच आठवडे काही नाही. सहाव्यात एका बाईंचा फोन आला. रायफल त्यांच्याकडेच होती. बघायला या, म्हणाल्या, झाडायला मिळणार नाही.

बाई ऐंशीच्या पुढच्या, बुटक्या, आणि "किया ओरा" हा इथला नमस्कारसुद्धा दरडावल्यासारखा म्हणणाऱ्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यांनी रायफल ठेवली. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, तेव्हापासून ती झाडलेली नव्हती. लिव्हर अर्ध्यावर येऊन अडायची. दुरुस्तीला का दिली नाही, असं मी विचारलं. कुणीतरी कानस चालवील, त्या म्हणाल्या. त्याने हाताने बसवलेलं कुणी घासलेलं मला चालणार नाही.

हे मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, लिव्हर दोनदा अर्ध्यापर्यंत नेली, कान जवळ नेऊन ऐकलं, आणि वास घेतला. धातू नाही अडत, म्हणाले, तेल सुकून चिकट झालंय. रॉकेल आणि जुना टूथब्रश लागेल. बाईंनी क्षणभर विचार करून फडताळातून ते काढून दिलं, आणि वर एक स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

बाबांनी तो स्क्रूच्या खाचेवर धरून पाहिला आणि खाली ठेवला. मग धारेचा दगड मागितला. टोक दगडावर घासायचं, खाचेत धरून बघायचं, पुन्हा घासायचं. जाड टोक खाचेत नीट बसत नाही, निसटलं की स्क्रूचं डोकं सोलतं, हे मला नंतर समजावलं. अर्धा तास ते फक्त स्क्रू ड्रायव्हर घासत होते. एकही स्क्रू हललेला नव्हता. मी अवघडून खिडकीबाहेरची मेंढरं मोजली.

बाई उठून आत गेल्या आणि तंबाखूचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात तीन स्क्रू ड्रायव्हर होते, नवऱ्याने या रायफलीच्या तीन स्क्रूंसाठी बनवलेले, एकेकासाठी एकेक.

"हे आधी का नाही दिलेत?" मी विचारलं.

"आधी मला माहीत नव्हतं की हे कोण आहेत," त्या म्हणाल्या.

यांत्रिक गोष्टींबद्दल भारावून बोलणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण ते पहिलं टोक पहिल्या खाचेत उतरलं तेव्हा आवाजही झाला नाही. पाणी भांड्यात बसतं तसं बसलं. रायफल उघडल्यावर आतल्या भागांवर, कधीच कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या बाजूंवरही, बाहेरच्याइतकीच झिलई होती. बाबांनी बोल्ट तळहातावर घेतला आणि इतका वेळ फिरवून फिरवून पाहिला की बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोल्ट बसवणारा माणूस दुसऱ्याने बसवलेला बोल्ट वाचत होता.

धुऊन, पुसून, नवं तेल देऊन सगळं जोडल्यावर बाबांनी रायफल बाईंच्या हाती दिली. लिव्हर न अडता खाली गेली, वर आली. बाईंनी पुन्हा केली. मग न विचारता आतून कानांचे मफ्स आणि कुलपातल्या काडतुसांची पेटी आणली.

घरामागे मातीच्या उंच दरडीपुढे बाईंनी नेमासाठी कागद टाचला. बाई बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि खुणेने सांगत गेल्या. दस्ता डाव्या खांद्यात. गाल खाली. डावा डोळा. त्यांच्या बुटक्या बांध्यासाठी कापलेला दस्ता बाबांना जरासा आखूड होता, पण ते वाकून त्यात मावले. वारा होता. बराच वेळ काही झालं नाही. मग बार झाला, आणि मफ्समधूनही तो मला फासळ्यांत जाणवला.

बाबांनी लिव्हर ढकलली. पुंगळी डावीकडे गवतात पडली. कागदाकडे न बघता त्यांनी रायफल बाईंच्या हाती दिली, वाकून पुंगळी उचलली, खिशातलं भिंग काढून तिचं बूड पाहिलं. काडतूस पेटवणाऱ्या टोचणीची खूण अगदी मधोमध होती; बोल्ट नीट बसला होता. ते त्यांनी बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा सारून पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून मान डोलावली.

कागदाला गोळी लागली होती की नाही ते अजून कुणी बघितलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे न वळता, मला मध्ये न घेता, स्वतःच्या इंग्रजीत बाईंना विचारलं, "वन मोअर?"

मला आठवतं तेव्हापासून त्यांनी स्वतःसाठी काही दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. बाईंनी अख्खी पेटीच त्यांच्यापुढे उघडून ठेवली. मी मफ्स पुन्हा कानांवर चढवले आणि दोन पावलं मागे सरले.