ताईंनी टाकीत वाळू घातली

माझी नणंद मत्स्यबीज केंद्रात लेप वाढवते, तेच चपटे मासे. तिच्यासारखी बाई अख्ख्या किनाऱ्यावर नाही. मी भावजय असून हे म्हणतेय, म्हणजे बघा!

लेपाचं पिल्लू जन्मतं तेव्हा चारचौघांसारखंच असतं. उभं पोहतं, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. मग एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि पिल्लू आडवं होऊन तळाला टेकतं. त्या दिवसांत ताईंचं जेवणात लक्ष नसतं. "डोळा फिरला का बघून येते गं," म्हणत पुन्हा केंद्रावर.

गेल्या वर्षी पिल्लं खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात सोडली. तिथं ती वाढतात, मोठी झाली की खोल समुद्रात जाऊन अंडी घालतात. पण कसलं काय! बगळ्यांनी डोळ्यांदेखत फस्त केली. केंद्राचे मुकादम म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर या टाक्यांत कोळंबी लावायची." ताईंचा चेहराच उतरला. उभं आयुष्य गेलं होतं त्यांचं त्या टाक्यांपाशी.

"चूक आपलीच," त्या मला म्हणाल्या. "पांढऱ्या लख्ख टाक्यांत वाढवलं, वाळू कधी दाखवलीच नाही. लपायचं कसं, ते त्यांना काय कपाळ कळणार?"

केंद्रावर टाक्या घासून लख्ख ठेवणारी मीच! माझं डोकंच फिरलं. त्यात ताईंनी पाट्या भरभरून वाळू आणली, धुतली, टाक्यांत पसरली. तिच्यात अडकलेली घाण उपसता उपसता माझी कंबर मोडली.

"तुमच्या लाडक्यांची घाण मीच काढायची का?"

"मामी आहेस ना त्यांची? काढ!"

पण पिल्लं वाळूच्या रंगाची झाली खरी. अंग झटकून वाळू पांघरायलाही लागली.

सोडायच्या दिवशी मुकादम हाताची घडी घालून काठावर उभे. ताईंनी गुडघाभर पाण्यात शिरून बादल्या हलकेच कलत्या केल्या. बगळे आलेच, मेले! ताईंनाही न जुमानता फिरले, माना वाकड्या करून पाहिलं, चोची खुपसल्या. एक-दोन पिल्लं गेली. बाकी काही सापडेना, तेव्हा कंटाळून उडाले.

"गेली कुठं सगळी?" मुकादम ओरडले.

ताई जागच्या हलेनात. डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसू. "मलाच दिसत नाहीत हो! आता पाऊल कुठं टाकू?"

"कोळंबीला दुसरी जागा बघतो," मुकादम पुटपुटले.

"टाकूच नका पाऊल," मी काठावरून ओरडले. "तश्शाच उभ्या राहा. बघू दे सगळ्यांना, माझी नणंद आहे ती!"