संघप्रियाचा जबाब

कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, सिताराम वाव्हळे यांच्या डोक्यात बसला तेव्हा त्यांची मुलगी संघप्रिया हडंब्याच्या पलीकडं उभी होती. सोयाबीन मळायचं ते यंत्र इतकं धडधडत होतं, की घाव तिला ऐकूच आला नाही, नुसता दिसला. बापाचा रुमाल उडाला, ते गुडघ्यांवर बसले आणि मग धसकटांवर तोंडघशी पडले. मागं महारुद्र उभा होता. त्यानं कुऱ्हाड पुन्हा वर उचलली. या खेपेला पातं खाली होतं.

संघप्रियाच्या हातात पेंढ्या ओढायचं लोखंडी दाताळं होतं. धावत जाऊन तिनं ते सगळ्या ताकदीनिशी महारुद्रच्या कोपरावर हाणलं. हाड मोडल्याचं दांड्यातून तिच्या हाताला कळलं. कुऱ्हाड डोक्यावर पडायची ती सितारामच्या डाव्या पंजावर पडली आणि दोन बोटं मातीत गेली. तेवढ्यात महारुद्रचा जोडीदार गोपाळ बाजूनं आला आणि त्याची काठी तिच्या कानशिलावर बसली. हडंबा एकदम बंद पडला असं तिला क्षणभर वाटलं. हडंबा चालूच होता. तिचा डावा कान गेला होता.

भांडण रस्त्याचं होतं. जिंतूरच्या पुढं, माळाला लागून वाव्हळेंचं रान. तिथं जायची वाट बन्सीधर या बड्या शेतकऱ्याच्या शेतातून. नकाशात वाट होती, पण बन्सीधरनं ती नांगरून आपल्यात घातली होती. सितारामनं तहसीलला खेटे घालघालून ती मोकळी करायचा हुकूम आणला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा ट्रॅक्टर हडंबा घेऊन त्या वाटेनं आला. बन्सीधरचा पुतण्या महारुद्र बाभळीच्या काट्या टाकून आडवा आला. सितारामनं काट्या ओढून बाजूला केल्या. "हुकूम हाय सरकारचा," एवढंच ते म्हणाले. महारुद्र तेव्हा जातीवरून शिव्या देत निघून गेला, आणि दुपारी कुऱ्हाड घेऊन परत आला.

संघप्रिया सुगीला म्हणून चार दिवस घरी आलेली होती. परभणीला फिजिक्स घेऊन ती बी.एस्सी. झाली, मग अभ्यासिकेत दोन वर्षं बसली आणि विमान वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेत पास झाली. टॉवरमध्ये बसून विमानांना कधी उतरायचं, कधी थांबायचं ते सांगायचं, अशी ती नोकरी. जिल्ह्यात विमानतळच नाही, त्यामुळं गावात कोणालाच ती नीट समजली नव्हती. आई सुलाबाई बायकांना सांगायची, "माझी लेक इमानाचं पोलीस होणार हाय." लेखी झालं होतं, आवाजाची चाचणी झाली होती. राहिली होती वैद्यकीय तपासणी, आणि तिच्यात सगळ्यात आधी बघतात ते डोळे आणि कान.

मळायला आलेले मजूर पांगले. ट्रॅक्टरवाल्या जीवननं एकट्यानं बापलेकीला ट्रॉलीत घातलं. बापाचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली. कानातून रक्त मानेवर, मानेवरून बापाच्या कपाळावर. कोणाचं रक्त कोणतं ते कळत नव्हतं. जिंतूरच्या दवाखान्यात टाके घातले आणि अँब्युलन्सनं दोघांना परभणीला पाठवलं.

ते दवाखान्यात असतानाच, दिवसाढवळ्या, त्यांची उरलेली सोयाबीनची गंजी कोणीतरी पेटवून दिली. सुलाबाई बादल्या घेऊन धावली. वाटेत दोन धोंडे तिच्या पाठीत बसले. कोणी मारले ते सगळ्या गावानं बघितलं, पण नाव एकाच्याही तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आले. संघप्रियाचा मामा धम्मानंद पोखर्णीला शिक्षक होता, तो आधीच येऊन बसला होता. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"नीट ऐक. महारुद्रच्या हाताच्या चिंधड्या झाल्यात. त्यांनी बी उलटी फिर्याद दिलीय. तू म्हण, मी मधी पडले, मला मार लागला. हात उचलला म्हणू नको. तुझ्यावर गुन्हा पडला तर नोकरी गेलीच म्हणून समज."

"मग त्याचा हात मोडला कोणी म्हणायचं, मामा?"

"ते त्यांनी सांगावं. आपल्याला काय करायचं?"

"ते बाबांचं नाव सांगतील. न्हाईतर जीवनचं."

हवालदार वयस्कर माणूस होता. त्यानंही पेन उचलण्याआधी हळूच विचारलं, "बाई, नोकरीचं चालू हाय म्हणं तुमचं. विचार करून बोला."

"दाताळं मी मारलं," ती म्हणाली. "कुऱ्हाड दुसऱ्यांदा वर गेली होती म्हणून मारलं. हात मोडावा म्हणूनच मारलं. तसंच लिहा."

हवालदारानं तसंच लिहिलं. मामानं कपाळावर हात मारून घेतला.

चौथ्या दिवशी खुद्द बन्सीधर दवाखान्यात आला. हातात सफरचंदांची पिशवी, मागं दोन माणसं. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सितारामला म्हणाला, "झालं ते झालं, सिताराम. पोरं तापट हायत. तुमी तुमची केस मागं घ्या, आमी आमची घेतो. पोरगी अधिकारी व्हायलीय, तिच्या नशिबात कशाला माती कालवता?"

सितारामच्या डोक्याला पट्ट्या होत्या, पंजा गळ्यात बांधलेला. त्यांचा आवाज फाटका येत होता. "प्रिया, घेऊ मागं. माझी दोन बोटं गेली तर गेली."

संघप्रियानं पिशवी उचलली आणि बन्सीधरच्या छातीवर एवढ्या जोरात आदळली की सफरचंदं वॉर्डभर घरंगळली. "निघा इथून!" ती ओरडली, आणि ओरडताना कानात कोणीतरी सळई घातल्यागत कळ उठली. बन्सीधरच्या एका माणसानं तिचा दंड धरला. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक उठले म्हणून तो मागं सरला. बन्सीधर जाता जाता म्हणाला, "बघू कोणतं इमान उतरवती ते."

तिच्यावर गुन्हा दाखल झाला. कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडदा बऱ्याचदा आपोआप भरतो, पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. तपासणीला ती मुंबईला गेली, कानाला यंत्र लावून बंद खोलीत बसली. उजव्या बाजूचा बारीकसा आवाजही ती ओळखत होती. डाव्या बाजूला मात्र फक्त भट्टी पेटल्यासारखा घुं घुं आवाज. 'सध्या अपात्र, पुन्हा तपासावे,' असं ठरलं. गुन्ह्याची गोष्टही तिनं कोणी विचारायच्या आधी स्वतःच सांगून टाकली.

ते महिने फार वाईट गेले. परभणीच्या भाड्याच्या खोलीत आईबाप तिच्याजवळ येऊन राहिले होते. रस्त्यात मोटारसायकलचा ब्रेक वाजला तरी ती भिंतीला चिकटायची. एकदा भाजीबाजारात मागून कोणाचा तरी हात खांद्यावर पडला, तर तिनं वळून त्या माणसाच्या तोंडावर बुक्की मारली. तो शेजारचा भाजीवालाच निघाला, राहिलेले सुट्टे द्यायला आला होता. त्याच्या फुटलेल्या ओठाकडं बघून ती तिथंच भाजीच्या पाट्यांमध्ये बसून रडली.

पडदा भरला. दुसऱ्या तपासणीत कान पास झाला, नुसती एक बारीक शिट्टी आत कायमची राहिली. तिनं बापाचा जीव वाचवण्यासाठीच मारलं, असा अहवाल पोलिसांनी कोर्टात दिला, कारण तिचा जबाब, जीवनची साक्ष आणि जखमा सगळं जुळत होतं. तिच्यावरची केस मिटली आणि उशिरा का होईना, तिला प्रशिक्षणासाठी प्रयागराजला बोलावणं आलं.

तिथं संगणकाच्या पडद्यावर खोटी विमानं उडत. शिकणाऱ्यानं हेडफोन लावून त्यांना वाट दाखवायची. तिसऱ्याच आठवड्यात तिच्या दोन विमानांचे ठिपके एकमेकांकडं यायला लागले. एकाला वर जा म्हणायचं, दुसऱ्याला वळव म्हणायचं, हे तिला ठाऊक होतं. पण घशातून किंकाळी निघाली, शब्द निघालेच नाहीत. ठिपके एकमेकांत घुसले.

शिकवणारे मास्तर कडक होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "तीनशे माणसं मेली. तुम्ही ओरडलात म्हणून मेली. ओरडलं की पायलटला फक्त भीती ऐकू जाते."

त्या संध्याकाळी तिनं बॅग भरली होती. बापाला फोन केला. सितारामनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या दिवशी तू ओरडली न्हाईस, प्रिया. एक शब्द तोंडातून काढला न्हाईस. सरळ आलीस. मी पडल्या पडल्या तुझे पाय बघायलो होतो." मग म्हणाले, "तसंच कर की तिथं."

ती राहिली. नंतरही एकदा नापास झाली, एकदा काठावर पास झाली, आणि शेवटी मध्य भारतातल्या एका विमानतळावर वरिष्ठांच्या हाताखाली तिनं हेडफोन लावला. पहिल्या पावसाळ्यात एक विमान अगदी खाली आलेलं असताना रानडुकरांचा कळप धावपट्टीवर घुसला. वरिष्ठांनी तोंड उघडायच्या आत ती बोलली होती. उतरू नका, वर जा. आवाज सपाट होता. विमान गर्जना करत डुकरांच्या डोक्यावरून वर चढलं. चाकाखाली न आलेलं एक पिल्लू नुसत्या धास्तीनं गवतात मरून पडलेलं नंतर सापडलं.

परभणीच्या कोर्टात महारुद्र आणि गोपाळवर खटला चालला. साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे माझ्या अशिलाचा हात मोडण्याच्या हेतूनंच तुम्ही मारलं?"

"हो. त्या हातात कुऱ्हाड होती."

महारुद्र आणि गोपाळला शिक्षा झाली. बन्सीधरवर काही शाबीत झालं नाही. शिक्षा झालेल्या दोघांनी वर अपील केलं. रस्ता मोकळा राहिला, पण सिताराम त्यावरून एकटे कधी जात नाहीत.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर एक बाई संघप्रियाला आडवी आली. महारुद्रची आई, कमलबाई. डोळे सुजलेले. मारते की काय म्हणून संघप्रिया एक पाऊल मागं सरली.

"तुझ्या बापाची बोटं गेली," कमलबाई म्हणाली. "माझ्या लेकराचा हात जन्माचा वाकडा राहिला. आता जेलात त्याला जेवण कोण भरवायचं? तू तर इमानं उतरवायलीस म्हणं. झोप लागती का गं तुला?"

"रोज न्हाई लागत, काकू," संघप्रिया म्हणाली.

कमलबाई तिच्याकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून तिथंच पायरीवर बसली. सितारामनं लेकीच्या पाठीवर उजवा, धड हात ठेवला आणि दोघं फाटकातून बाहेर पडले. संघप्रियाला संध्याकाळची गाडी धरायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिची ड्युटी होती.