दिवे लागले की परत

फोरमनसाहेबांची अट एकच होती: गाडीचे दिवे लागले की जिथे असशील तिथून मागे फिरायचं. स्वतःचा डावा पाय त्यांनी अशाच एका तिन्हीसांजेला रस्त्यावर गमावला होता, त्यामुळे बायकोला वाद घालायला तोंडच नव्हतं. तिला सगळे ताई म्हणत. ताईंनी शब्द दिला, आणि दिलेला शब्द ताई जपून वापरत, जसं शिवायला आलेलं दुसऱ्याचं कापड.

नवी गाडी आपले दिवे आपणच लावायची. पुढच्या काचेखाली वाटाण्याएवढा एक काळा ठिपका होता. बाहेरचा उजेड कमी झाला की तो ओळखायचा आणि दिवे लागायचे. फोरमनसाहेब खूश. "पहारेकरी आयताच मिळाला," म्हणाले.

उन्हाळ्यात काही अडलं नाही. ताई दिवसभर घरी शिलाई मशीनवर बसायच्या, संध्याकाळी नवऱ्याला चहा देऊन धाकट्या बहिणीकडे जायच्या. धाकटीचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. ताईंचा खांदा धरून ती पुन्हा चालायला शिकत होती. पण थंडी आली, दिवस आखडला. निम्म्या वाटेतच दिवे लागू लागले. आभाळ भरलेलं असलं तर गल्लीच्या तोंडाशीच.

"ताई, तू लग्न माणसाशी केलंस की बल्बाशी?" धाकटी फोनवर चिडायची.

शेवटी ताईंनी दिव्यांचं बटण 'ऑटो'वरून 'बंद'वर फिरवलं. दिवे लागलेच नाहीत, म्हणजे शब्दही मोडला नाही! शिवाय गाडीच्या तोंडाला दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, त्या इंजिन चालू असेपर्यंत भर दिवसाही पेटलेल्या असत. आपण लोकांना दिसतोय, एवढं पुरे, असं ताईंना वाटलं.

तो आठवडा बरा गेला. धाकटी एकटीने जिन्यापर्यंत आली. मग एका संध्याकाळी उतारावर मागून करकचून ब्रेक लागला. ताईंनी गाडी कडेला घेतली. टेम्पोवाला खाली उतरून आला.

"मावशी, मरायचंय का? मागे मिट्ट काळोख!"

"पुढे आहेत की दिवे."

"ते दिवसाचे! समोरच्याला गाडी दिसावी म्हणून. त्यांच्यासोबत मागचे लाल दिवे लागत नाहीत. तुम्ही पुढे आहात हे मी ओळखायचं कसं, वासावरून?"

ताईंनी बटण 'ऑटो'वर आणलं. रस्ता उजळला. टेम्पोवाल्याच्या शर्टावर लाल उजेड पडला.

"हां, आता जा बिनधास्त," तो म्हणाला.

पण जायचं कुठे? बहिणीची इमारत समोर दिसत होती. दिवे विझवले तर जिवाशी खेळ, आणि ते लावून पुढे गेलं तर शब्दाशी. ताईंनी गाडी वळवली.

"आज लवकर आलीस?" फोरमनसाहेबांनी विचारलं.

"अहो, मी दुपारची जात जाऊ का?"

"दुपारी मला अंघोळ कोण घालेल?" ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

तेवढ्यात फोन वाजला. "ताई, मी जिन्यात उभी आहे गं. कुठवर आलीस?"

"आत जाऊन बस, पडशील," ताई म्हणाल्या. "मी घरी आहे. दिवस मोठा झाला की येईन."