बोक्याची माती आन आमचं पाव्हनं

आज सकाळी आमचं पाव्हनं गेलं. मूत तुंबून.

घाबरू नका, जावई धडधाकट हाय. पाव्हनं म्हंजे आमचा बोका.

लेक पुन्याला नोकरीला. तिच्या नव्या घरमालकिनीला मांजर चालत न्हवतं. म्हनून दिवाळीला आली आन बोका माझ्याकडं ठिवून गेली. संगं एक टब, एक झारा आन मातीचं पाकीट.

"आई, हे लिटर. तो ह्याच्यातच शी-शू करतो. त्याला बाहेर सोडू नकोस."

म्हनलं, "बाई, आमच्या कोल्हारात पुरी प्रवरा नदी पडलीय वाळू घेऊन, आन तुझ्या बोक्याला पाकिटातली माती?"

तवापासनं त्याचं नाव पाव्हनं. खायाला वेगळं, बसायला गादी, जायाला वेगळी सोय. आमचं मालक गेल्यापासनं घरात रुसायला कोन न्हवतं. ते काम पाव्हन्यांनी अंगावर घेतलं.

तुमच्यातल्या लई जनींनी विचारलं हुतं, कंचं लिटर चांगलं? माझं सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आज सांगते.

लेकीनं दिलेली ती राखाडी माती. शू झाली की गोळा बनतो. झाऱ्यानं गोळा उचलायचा, बाकीची माती तशीच ऱ्हाती. वास कमी. पन धूळ लई, आन पंजाला चिकटून घरभर रांगोळी.

एकदा शानपना करून ते गोळं संडासात टाकलं. सिमेंट झालं, सिमेंट! मानूस बोलवून काढून घ्यावं लागलं.

मग लेकीनं पांढरं खडं पाठवलं. शू पिऊन घेत्यात, वासाचं नाव न्हाई. दिसायला अगदी खडीसाखर. शेजारी माझी जाऊबाई ऱ्हाती. तिनं डबा उघडून एक खडा तोंडाजवळ नेला.

मी लांबनंच विचारलं,

"गोड हाय का गं?"

"टाकला न्हाई आजून."

"मग नको टाकू. पाव्हन्यांच्या संडासातला हाय."

बया संध्याकाळपतूर तोंड फिरवून बसली.

पन ते खडं पाव्हन्यांच्या पायाला टोचायचं. टबाच्या काठावर चारी पाय ठिवून उरकायचं, सर्कशीतल्यागत.

लाकडाच्या कांड्या आनल्या. गुरांच्या पेंडीसारख्या दिसत्यात, भिजल्या की भुसा हुतो. हलक्या, वास चांगला, धूळ न्हाई. पाव्हन्यांनी हुंगलं आन शेजारच्या फरशीवर कार्यक्रम केला.

चुलीची राख टाकून बघितली. वास घालवती, आन फुकट. पाव्हनं बाहेर आलं ते गोसावी होऊन. शिंकून शिंकून बेजार.

नदीची वाळू धुवून, वाळवून टाकली. ती त्यांना लई आवडली. पन वास ऱ्हातो, रोज बदलावी लागती. आन गल्लीतल्या समद्या मांजरी आपलीच सोय समजून आत!

शेवटी परत गोळ्याची माती आनली. तिचा एक गुन हाय. किती शू झाली ते दिसतं.

आता नीट वाचा.

गोळा रोज लिंबाएवढा असायचा. चार दिवसांमागं हरभऱ्याएवढा दिसला. वाटलं, पानी कमी पिलं असंल.

मग पाव्हनं सारखं टबात जाऊन बसायला लागलं. कुंथायचं, वरडायचं, बाहेर यायचं, परत आत.

जाऊबाई म्हनली, "पोट धरलंय. एरंडेल पाज."

आमच्यात लेकराला एरंडेल, वासराला एरंडेल. बोक्याला बी एरंडेल. तिनं पाय धरलं, मी तोंड उघडलं.

पोट धरलंच न्हवतं. शू अडकली हुती.

हे कळलं दुसऱ्या दिवशी, गुरांच्या डॉक्टरकडं. त्यांनी पोट दाबून बघितलं आन त्यांचं तोंडच उतरलं.

"मावशी, लघवीची पिशवी दगडागत झालीय. बोक्याची नळी लई बारीक, ती बंद पडलीय. आतून नळी घालावी लागंल."

"मग घाला की."

"माझ्याकडं गाई-म्हशीचं सामान हाय. ह्याच्या मापाचं न्हाई. नगरला न्या. आत्ताच."

पाटीत ठिवलं, वर फडकं बांधलं आन नगरची यष्टी धरली. शेजारच्या सीटवरली बाई म्हनली, "कोंबडी हाय का?"

"न्हाई, जावई."

ती हसली. मी बी हसले. काय करनार?

पाव्हनं वरडत हुतं तवर मला धीर हुता. राहुरीच्या पुढं गप झालं.

नगरच्या डॉक्टरीनबाईंनी नळी घातली, शू काढली, सलाईन लावलं. म्हनल्या, "किडनीवर गेलंय. उशीर झाला. घरी न्या, बघू."

मालक दवाखान्यात हुतं तवा डॉक्टर काय बोलत्यात ते मला कळायचं न्हाई. ह्या वेळी समदं कळत हुतं. तरी बी नुसतं बघत बसायचं.

लेक व्हिडिओ कॉलवर रडत हुती. "आई, त्याच्या कानाजवळ धर फोन." धरला. "बाळा, मी येते हां शनिवारी," म्हनली.

त्याचा कान हालला.

शनिवार आजून यायचाय.

म्हनून सांगते, बायांनो. लिटर कंचंबी घ्या, बोक्याला आवडंल ते. पन शू झाली का, ते रोज बघा. न्हाई झाली तर एरंडेल नको, शेजारीन नको. तडक मांजराच्या डॉक्टरकडं पळा.

आज सकाळी पाव्हनं उठलं. मागचं पाय धरत न्हवतं. तरी घसरत घसरत टबाकडंच निघालं. एवढं वळन लेकीनं लावल्यालं.

मी उचलून मांडीवर घेतलं.

म्हनलं, "ऱ्हाऊ द्या टब. हितंच करा, पाव्हनं. माझ्या पातळावर करा. गादीवर करा, चुलीत करा, कुठंबी करा. कोन बोलनार न्हाई तुमाला. फकस्त करा."

न्हाई झाली.

जाऊबाईनं परसात शेवग्याखाली खड्डा घेतला, मूठभर मीठ टाकलं.

घरातनं निघालेल्याला आमच्यात 'जा' म्हनत न्हाईत.

या, पाव्हनं.